व्यंकटी मैलकुली आणि अमेरिकेचं मतदान

लातूरहून नांदेडला जाणारी एसटी चाकूर सोडून पुढे निघाली की थोड्या अंतरावर कडुलिंबांची एक रांग लागायची. बुंध्यांना खाली गेरू, वर चुना, आणि दोन्हींच्या मधली रेघ अशी सरळ की दोरी धरून ओढल्यासारखी. ड्रायव्हर लोक ती झाडं ओळखायचे. "व्यंकटीचा मैल आला," म्हणायचे आणि गिअर बदलायचे, कारण इथून पुढे खड्डा नाही हे त्यांना ठाऊक असायचं.

व्यंकटी शृंगारे बांधकाम खात्यात मैलकुली होता. रस्त्याचा एक ठरलेला तुकडा त्याच्या हवाली होता. त्यातले खड्डे मुरमानं बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाचं पाणी नालीत वळवायचं, झाडं आणि अंतराचे दगड रंगवायचे. मैल जाऊन किलोमीटर आले त्याला वर्षं लोटली होती, पण माणसाला कुणी किलोमीटरकुली म्हटलं नाही. तो मैलकुलीच राहिला.

उंचीला बेताचा, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बोलायचं झालं की घमेलं आधी खाली ठेवायचा. त्याची बायको सरजाबाई म्हणायची, "ह्यांच्या डोक्यावर काहीतरी देऊन ठेवत जावा, म्हंजी तोंड बंद राहतंय."

ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात उस्मानाबादमधून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. लातुरात मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला. व्यंकटीच्या मैलावर जिल्हा आला तो ओव्हरसियरनं दिलेल्या रंगाच्या डब्यातून. रस्त्याच्या पाटीवरचं जुनं नाव पुसून त्यानं नवं लिहिलं. रात्रशाळेत घोटलेलं अक्षर, पण वळणदार. रस्त्यापलीकडे शंकरप्पाचं किराणा आणि चहाचं दुकान होतं. तिथून शंकरप्पा ओरडला, "व्यंकटी, जिल्हा तू केलास म्हण की आता."

"केलो. तुझ्या दुकानावर लिवू का? तेवढा रंग उरलाय."

दोघं एकाच शाळेत शिकलेले. शंकरप्पा आत बसायचा, व्यंकटी व्हरांड्यात. मोठेपणी दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे आणि रोज कशावरून तरी भांडायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला शंकरप्पा आणि रोज सकाळी बुद्धवंदना म्हणूनच घर सोडणारा व्यंकटी, यांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं असं गावानं कधी पाहिलं नाही. आणि एक जण दोन दिवस दिसला नाही तर दुसरा त्याच्या घरी जायचा.

पाऊस मात्र त्या साली नवा जिल्हा बघायलाही आला नाही. ज्वारी पोटरीत असताना वाळली. दिवाळी झाली तशी रोजगार हमीची कामं निघाली आणि अर्धा गाव व्यंकटीच्या रस्त्यावर खडी फोडायला येऊन बसला. सरजाबाईही त्यातच होती.

व्यंकटीची एक गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. मतदानाच्या दिवशी मत टाकल्याशिवाय तो पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. सकाळी अंघोळ, पांढरं धोतर, पांढरा सदरा, घरातल्या बुद्धमूर्तीपुढे वंदना, आणि मग शाळेच्या दाराशी पहिला नंबर. निवडणूक पंचायतीची असो की दिल्लीची, त्याला सारखीच. कुणी चेष्टा केली तर तो बावन्न सालची हकीकत सांगायचा. निजामाच्या राज्यात त्याच्या वडिलांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर एवढंच, की लाकडं फोडून झाली का. बावन्न साली पहिलं मतदान झालं. रांगेत पुढे पाटील, पाटलाच्या मागे व्यंकटीची आई आणि आईच्या मागे पाटलाची भावजय. आई पदर सावरून बाजूला सरकायला लागली, तर पोलीस म्हणाला, "बाई, नंबर सोडू नका." मत टाकून व्यंकटीबरोबर घरी येताना आई वाटेत थांबली.

"व्यंकटी, पाटलाचा कागद आपल्यापरीस मोठा हुता का रं?"

"न्हाई, सारखाच."

"निरखून पाहिलास?"

"पाहिलो."

तेव्हापासूनचा हा उपास. देवळात जाणारा माणूस चपला बाहेर काढतो, तसं व्यंकटी त्या दिवशी तहान बाहेर ठेवायचा.

त्याची थोरली लेक पंचशीला लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची. दिवाळीनंतर एका रविवारी ती घरी आली ती बातमी घेऊनच. नव्या जिल्ह्यात कॉलेजांची पहिली वादविवाद स्पर्धा भरणार होती. नांदेडची कॉलेजंही येणार होती. विषय असा होता : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेच्या मतांनी झाली पाहिजे. पंचशीलाचं नाव कॉलेजनं दिलं होतं.

व्यंकटीला वाटलं, पोरगी विषय चुकीचा सांगते आहे. "झाली पाहिजे म्हंजी? मग आता कशी हुती?"

बाप-लेक बोलत बोलत शंकरप्पाच्या दुकानावर आले. व्यंकटीनं बाकावर बसायच्या आधीच सांगितलं, "अप्पा, ऐकलास का? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लोकं निवडीत न्हाईत."

"मग कोण निवडतंय? इंद्रदेव?"

"लोक मत देतात काका," पंचशीला म्हणाली, "पण मोजदाद राज्याराज्यानं होते. प्रत्येक राज्याचे ठरावीक प्रतिनिधी असतात. एखाद्या राज्यात जो पुढे राहील, त्याला बहुतेक ठिकाणी त्या राज्याचे सगळेच प्रतिनिधी मिळतात. मग ते प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षाला मत टाकतात."

"म्हंजी आपल्या सरपंचावानी," शंकरप्पा म्हणाला.

व्यंकटीनं कप खाली ठेवला. "मग त्या प्रतिनिधींना कुठं नेऊन ठेवत्यात?"

"कुठे म्हणजे?"

"मत टाकूस्तोवर."

पंचशीलाला प्रश्न कळला नाही, पण दुकानावर बसलेल्या सगळ्यांना कळला. मागच्या सरपंच निवडीचं कुणी विसरलं नव्हतं. लोकांनी पंच निवडून दिले, आणि पंचांनी सरपंच निवडायचा तर त्याच्या आधीच निम्मे पंच जीपमधून देवदर्शनाला गेले. तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, गाणगापूर झालं. रोज पुरणपोळी, रोज गादी. निवडीच्या दिवशी ते थेट पंचायतीच्या दारात उतरले, ते अंगानं भरून आणि कुणाकडे न बघता. कुणाची बायको आजारी होती, तिलाही नवऱ्याचा पत्ता त्याच दिवशी लागला.

"तिथं कुणी नेत नाही आबा. आपापल्या राज्यातच मत टाकतात."

"मधी माणसं आली की जीप आली," व्यंकटी ठामपणे म्हणाला.

"अमेरिकेत जीप कशाला?" शंकरप्पा म्हणाला. "विमान असंल. पोरीच्या पुस्तकात लिवलं नसंल एवढंच."

पंचशीला हसायला लागली. मग तिनं पुढचं सांगितलं. कमी मतं मिळालेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, असंही तिकडे घडलं होतं. शंभर एक वर्षं होत आली त्याला.

आता व्यंकटी उठून उभाच राहिला. "मग ज्याला जास्त पडली त्यानं काय केलं?"

"घरी गेला. पुढच्या निवडणुकीला परत उभा राहिला आणि निवडून आला."

"आला ते झालं. पर मधली चार वर्षं लोकांचं मत कुठं हुतं?"

"बदल करायला बघितलं त्यांनी. तीनच वर्षं झाली, त्यांच्या वरच्या सभागृहात ठराव आला होता, थेट लोकांनीच निवडावा म्हणून. निम्म्याच्या वर मतं पडली. पण घटना बदलायला दोन तृतीयांश लागतात. पडला ठराव."

"पडला," व्यंकटी म्हणाला, आणि गावातलं कुणी गेल्यावर बसतात तसा तो खाली बसला.

पंचशीला सोमवारच्या एसटीनं गेली, पण अमेरिका गावातच राहिली. खडीच्या ढिगांवर रोज तोच विषय. हातोडा चालू आणि तोंड चालू. मधली माणसं असावीत की नसावीत, छोट्या राज्यांनी मोठ्यांपुढे काय करावं, निवडून दिलेल्याला किती वेळा उभं राहू द्यावं. दोनदा झालं की तिकडे पुन्हा नाही, हे ऐकून बायकांना फार बरं वाटलं. "आपल्या सोसायटीच्या चेअरमनला लावा की हे," एक जण म्हणाली. एक म्हातारी मात्र वैतागली. "आभाळात ढग न्हाई, आन् ह्या व्यंकटीला अमेरिकेची फिकीर."

व्यंकटीनं घमेलं खाली ठेवलं. "मावशे, बाहत्तर साली त्यांची लाल मिलो खाल्लीस न्हवं? ज्याचं धान्य खाल्लं, त्याच्या घरचं बरंवाईट पुसाय नको?"

"चव नव्हती त्या मिलोला," म्हातारी म्हणाली, पण विषयाला तिनं पुन्हा हरकत घेतली नाही.

व्यंकटीनं आपलं मत केव्हाच पक्कं केलं होतं. माणूस एक, मत एक, आणि ते मोजायचं तेही एकच. बाबासाहेबांनी दिलेली गोष्ट अमेरिकेसारख्या देशात नसावी याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं. आपली लेक लातुरात उभी राहून हे सांगणार, या विचारानं त्याचे हात भराभर चालत होते.

संक्रांतीच्या सुमारास पंचशीला पुन्हा आली. या खेपेला तिनं पिशवीसुद्धा उघडली नाही. सरजाबाई भाकरी थापत होती, व्यंकटी उंबऱ्यात बसला होता.

"आबा, चिठ्ठ्या टाकल्या बाजूंच्या. मला विरोधातली आली."

"कशाच्या विरोधातली?"

"थेट मतदानाच्या. मी सांगायचं, की आहे तीच पद्धत ठेवा."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. सरजाबाई म्हणाली, "चिठ्ठी बदलून मिळत नसंल का?"

"नाही मिळत. मी नाव काढून घेणार आहे. आबा समोर बसणार आणि मी म्हणणार, प्रत्येकाचं मत सारखं मोजू नका. माझ्यानं नाही व्हायचं. आणि जे बोलायचं तेही सगळं पुस्तकातलं. माझं मलाच खरं वाटत नाही."

"काय हाय पुस्तकात?" व्यंकटीनं विचारलं.

तिनं सांगितलं. छोटी राज्यं, मोठी राज्यं, त्यांचा जुना करार. मग म्हणाली, "एकच गोष्ट जरा वेगळी आहे. तो ठराव आला तेव्हा तिथल्या काळ्या लोकांच्या काही संघटनांनीच विरोध केला होता."

"त्यांनीच?"

"काहींनी. त्यांचं म्हणणं, मोठ्या राज्यांत आपण थोडे असलो तरी पारडं आपल्यामुळे फिरतं. म्हणून दोन्हीकडचे आपल्या दाराशी येतात. सगळ्या देशाची मतं एकत्र मोजली की आपण गर्दीत विरघळून जाऊ."

व्यंकटी उंबऱ्यातून उठला. रविवार असूनही चुन्याची बादली उचलून तो झाडांकडे गेला.

शंकरप्पाला खबर लागायला वेळ लागला नाही. दुकान नातेवाइकाकडे देऊन तो झाडाखाली येऊन उभा राहिला. "काय रे, पोरगी उलटी बोलणार म्हणं."

"बोलत न्हाई. नाव काढून घेतीय."

"का? बापाला सोसायचं न्हाई म्हणून?"

व्यंकटी चुना ओढत राहिला.

"बाहत्तर साली चावडीवर तू काय म्हणाला हुतास, आठवतंय का? हात मोजू नका म्हणाला हुतास. तुझ्याच तोंडचं हाय हे. अमेरिकावाले तुझंच ऐकत्यात, आन् तू त्यांच्यावर तोंड वाकडं करतूस."

कुंचला थांबला. व्यंकटीला आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. बाहत्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या आणि सरकारी टँकर यायला लागला. गावात चार वस्त्या : वरची गल्ली, पेठ, धनगरवाडा आणि व्यंकटीचं भीमनगर. भीमनगर सगळ्यांत लहान. टँकर कुठे उभा करायचा यावर रोज तंटा. तेव्हा कुणीतरी म्हणालं, तंटा कशाला, चावडीवर जमा आणि हात वर करून ठरवा. ऐकायला कसं न्याय्य वाटलं. पण हात मोजले की टँकर वरच्या गल्लीत, दुसऱ्या दिवशी मोजले की पुन्हा वरच्या गल्लीत. भीमनगरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन परत. मग तहसीलदार आले, तेव्हा व्यंकटी पुढे झाला. "साहेब, हात मोजले तर पाणी आमच्याकडं कधीच यायचं न्हाई. वस्त्या मोजा. चार वस्त्या हायेत, चौथी खेप आमची." तहसीलदारांनी मान्य केलं. भीमनगर म्हणजे गावाचा चौथा हिस्सा मुळीच नव्हता, तरी चौथी खेप भीमनगरात उतरली आणि पावसाळ्यापर्यंत उतरत राहिली. पंचशीला तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिला टँकर आठवायचा, पण चावडीवर काय झालं ते माहीत नव्हतं.

"तवा मी वरच्या गल्लीसाठी हात वर केला हुता," शंकरप्पा म्हणाला. "पेठंत नंतर उरलेलं पाणी मिळायचं म्हणून. तुझ्यामुळं ते रोजचं गेलं, पाळी आली."

"अजून बोंबलतूस व्हय त्यासाठी?"

"मी कशाला बोंबलू. तुला आठवण करून देतूय."

व्यंकटी त्या दिवशी एकाच झाडापाशी बराच वेळ होता. शंकरप्पा खरं बोलला होता आणि ते त्याला टोचत होतं. त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की पोरीला बोलायला जे हवं होतं ते तिच्या पुस्तकात नव्हतं, बापाजवळ होतं. सांगितलं नाही तर ती नाव काढून घेईल आणि आपल्याला बरं वाटेल. पण लेकीनं आपल्यासाठी तोंड बंद ठेवायचं, हे बरं वाटणं कसलं? बावन्न साली पोलिसानं आईला रांगेतून सरकू दिलं नव्हतं, ते कशासाठी?

तो घरी आला, हात धुतले, आणि पंचशीलाला समोर बसवून त्यानं चौथ्या खेपेची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत गेली तसे तिचे डोळे मोठे होत गेले.

"आबा, हे मी बोलू?"

"बोल. पुस्तकातलं न्हाई, आपल्या भीमनगरातलं हाय."

"तुम्हाला चालेल?"

"मला काय चालायचंय? मी काय अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हाय?"

सरजाबाई हसली. पंचशीलानं नाव काढलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी व्यंकटीनं रजा टाकली. शंकरप्पानं दुकान बंद ठेवलं. सरजाबाईला कामावर जाणं भाग होतं. तिनं दोघांना बजावून पाठवलं, की तिथं भांडू नका. कॉलेजचं सभागृह पोरापोरींनी भरलेलं. दोघं मधल्या रांगेत बसले. सुरुवातीला अध्यक्षांनी सांगितलं, की परीक्षक वक्त्यांना क्रमांक देतील, पण ठराव मंजूर की नामंजूर हे सभागृह ठरवेल. शेवटी सगळ्यांनी हात वर करून कौल द्यायचा, पाहुण्यांनीसुद्धा.

हे व्यंकटीला माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, आपण ऐकायचं आणि यायचं. थोड्या वेळानं पंचशीलाची एक मैत्रीण पाहुण्यांना चहा घेऊन आली. शंकरप्पानं घेतला. व्यंकटी म्हणाला, "नको बाई."

"आरं घे की."

"मत टाकायचंय अजून."

शंकरप्पानं बशी तोंडापाशीच धरली. "व्यंकटी, हे पोरांच्या खेळातलं मत हाय."

"मत हाय न्हवं?"

तेव्हा शंकरप्पाला कळलं की आज या माणसापुढे काय वाढून ठेवलं आहे. त्यानं बशीतला चहा संपवला. व्यंकटीनं जन्मभर मत आडोशाला टाकलं होतं. कुणाला टाकलं हे सरजाबाईलाही सांगितलं नव्हतं. आज ते उघड्यावर, हात वर करून, आणि समोर उभी पोटची पोर.

ठरावाच्या बाजूनं नांदेडच्या कॉलेजचा एक मुलगा बोलला. बारीक अंगाचा, पण आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत. गरिबाचं मत आणि श्रीमंताचं मत एका मापानं मोजलं जातं, तीच लोकशाही, असं तो म्हणाला. एका राज्यातल्या माणसाचं मत जड आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसाचं हलकं, असं ज्या देशात होतं तिथे समतेची भाषा कशी करायची, असं त्यानं विचारलं. एकेक वाक्य व्यंकटीच्या मनातलं. त्याला कळायच्या आत त्याची मान हलायला लागली.

शंकरप्पानं कोपर मारलं. "मान हलवू नको. पोरगी बघतीय."

मग पंचशीला उभी राहिली. सुरुवातीला ती कागदात बघत होती. छोट्या राज्यांचं बोलली, त्या संघटनांच्या विरोधाचं बोलली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "आता मी माझ्या गावातली एक गोष्ट सांगते." टँकर सांगितला, चावडी सांगितली, रोज वर होणारे हात सांगितले. "हात मोजणं न्याय्य होतं," ती म्हणाली, "आणि त्या न्यायानं माझी आई रोज रिकामी घागर घेऊन परत येत होती. तेव्हा माझे वडील म्हणाले, हात मोजू नका, वस्त्या मोजा. थोड्या माणसांना आपली पाळी हवी असेल, तर मोजायची रीत विचार करून ठरवावी लागते."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. शंकरप्पा बाकावर हात आपटत होता. व्यंकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर शेजाऱ्यानं पाहिलं असतं. लेक बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि तरी, आत कुठेतरी, बावन्न सालची आई रस्त्यात थांबून विचारत होती, कागद सारखाच होता ना.

इतर वक्ते झाले. अध्यक्ष उभे राहिले. "ठरावाच्या बाजूनं ज्यांचा कौल आहे त्यांनी हात वर करावेत."

हात वर जायला लागले. पंचशीला व्यासपीठाच्या कडेला उभी होती आणि बापाकडेच पाहत होती. व्यंकटीनं डोळे मिटले, सकाळी मूर्तीपुढे मिटतो तसे, आणि मग उघडले. पोरीकडे बघितल्याशिवाय हात वर करणं त्याला चोरी वाटली असती. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हात वर केला. अर्धवट नाही, कोपर सरळ करून.

पंचशीलाचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं मान खाली घातली.

विरोधातल्यांचे हात मागितले तेव्हा शंकरप्पानं असा हात उंचावला की त्याची टोपी पडली. ठराव मंजूर झाला, चांगल्या फरकानं. व्यंकटीच्या एका हातानं इकडचं तिकडे झालं नसतं. वक्त्यांत नांदेडचा मुलगा पहिला आला, पंचशीला दुसरी. व्यंकटीनं मग चहा मागून घेतला, तो गार झालेला होता, आणि एका घोटात संपवला.

ती त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर आली. नांदेडची गाडी लागायची होती. तिघं फलाटाच्या कठड्यावर बसले. शंकरप्पानं दाणे घेतले आणि मधे ठेवले. कुणीच हात घातला नाही.

"आबा, तुम्ही माझ्या विरोधात हात वर केलात."

"तुझ्या विरोधात न्हाई, माय. ठरावाच्या बाजूनं केलो."

"सगळ्या मैत्रिणींनी पाहिलं."

"मग काय म्हणल्या?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी वडिलांना आणू नको."

शंकरप्पाला ठसका लागला. व्यंकटीनं विचारलं, "वाईट वाटलं तुला?"

तिनं खरं सांगितलं. "हात वर जाताना वाटलं. खाली येईपर्यंत गेलं. तुम्ही माझ्यासाठी हात खाली ठेवला असता, तर पुढच्या निवडणुकीच्या दिवशी मी तुमच्याकडे कसं बघितलं असतं?"

व्यंकटीनं एक दाणा उचलला, सोलला, तिच्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "तू बोललीस ते खरंच हाय. पर पाणी वाटायचं असतंय, आन् माणूस निवडायचा असतोय. वाटताना वस्त्या मोजाव्या. निवडताना माणसं मोजावी. मी असं धरलो."

पंचशीला सावरून बसली. "हे आधी का नाही सांगितलंत? मी याचं उत्तर तयार केलं असतं."

"म्हणून तर सांगितलो न्हाई."

"बघा काका, बघा," ती शंकरप्पाला म्हणाली, पण हसत होती. "गोष्ट मला दिली आणि तोड स्वतःजवळ ठेवली."

"त्याला लहानपणापासून बघतूय," शंकरप्पा म्हणाला. "व्हरांड्यात बसून आतल्यांची गणितं सोडवायचा, आन् उत्तर कुणाला दाखवायचा न्हाई."

गाडी लागली. गर्दीत शंकरप्पानं खिडकीतून टोपी टाकून जागा धरली. दोघं बसले. पंचशीला खिडकीखाली उभी होती आणि काहीतरी विचार करत होती. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तशी ती दोन पावलं बरोबर चालली आणि खिडकीचा गज धरून म्हणाली, "पण आबा, निवडलेला माणूस पुढे करतो काय? पाणीच वाटतो ना?"

गाडीनं वळण घेतलं. ती हात हलवत मागे राहिली.

शंकरप्पानं व्यंकटीकडे बघितलं. "बोल आता."

व्यंकटी खिडकीबाहेर बघत बसला. डाळीच्या गिरण्या मागे गेल्या, वाळलेली रानं सुरू झाली. शंकरप्पानं दाणे संपवले, टरफलं खिडकीबाहेर झटकली, एक डुलकी काढली. चाकूर जवळ आलं तरी व्यंकटीला उत्तर सापडलं नव्हतं. पण त्याचा फुललेला चेहरा पाहून पलीकडच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "मामा, घरी काही चांगलं कार्य हाय का?"

"रविवारी लेक येणार हाय," व्यंकटी म्हणाला. "तवर मला बरंच काम हाय."